एक्स-रेत दिसलेली तांबी

माझ्या धाकट्या जावेचा खुबा गेला तो रोवण्यात. चाळीस पावसाळे चिखलात वाकून धान लावल्यावर खुब्यानं तरी किती दिवस साथ द्यायची? आधी ती डाव्या पायावर कलून चालायला लागली, मग काठी आली, आणि गेल्या उन्हाळ्यात तर तिला मोरीतून उठवायला दोन माणसं लागायला लागली. मी म्हटलं, चल चंद्रपूरला, सांधा बदलून घेऊ. ती म्हणाली, "माह्यासारखीसाठी कायले एवढा खटाटोप, बाई? तुमीच दोन गोया द्या नं."

दोन गोळ्या मी तिला आयुष्यभर देतच आले होते. मी नर्स. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली बरीचशी धानोरा तालुक्यातल्या जंगलात. निवृत्त होऊन सावलीला, आमच्या गावी परत आले, तरी आमच्या मोहल्ल्यात अजून मीच डॉक्टर. कोणाचं बीपी, कोणाची साखर, कोणाचं पोर हगतंय, सगळे माझ्याच दारात. आणि त्या दाराच्या आत, स्वयंपाकघरात, माझी ही जाऊ. तिला मूल नाही. माझ्या दीरानं तिला मूल होत नाही म्हणून दुसरी आणली आणि तो मूल गावी राहायला गेला. ही कुठं गेली नाही. सासू मेली, माझा नवरा गेला, आता घरात आम्ही दोघीच. माझी दोन पोरं हिनं वाढवली. ती हिला आई म्हणतात आणि मला मम्मी. हे मी आतापर्यंत लोकांना हसत हसत सांगायचे.

दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली आणि आम्ही चंद्रपूरला गेलो. दवाखाना मोठा, काचेचा. बाहेर कोळशाच्या धुळीनं माखलेली झाडं आणि आत फरशी अशी की जाऊ पाय टाकायला घाबरत होती. आधी फॉर्म भरला. मूलबाळ किती, असं विचारलं होतं. मी तिच्याकडे न बघता "नाही" असं लिहिलं. मग तिला आत नेऊन कमरेचा एक्स-रे काढला, आणि तिला बाकावर बसवून डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं.

डॉक्टर पोरगेलासाच होता, माझ्या लहान्या मुलाच्या वयाचा. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "हे बघा, सिस्टर. डावीकडचा गोळा पार घासून चपटा झालाय. बदलावाच लागेल." मी मान डोलावली. तेवढं मलाही दिसत होतं. मग त्याचं पेन मधे सरकलं. "आणि ही तांबी. काढायची राहून गेली वाटतं."

दोन्ही खुब्यांच्या मधोमध, थोडी तिरपी, पांढरी शुभ्र. इंग्रजी टी अक्षरासारखी. ज्या बाईनं नोकरीत हजारो कॉपर-टी बसवल्या आणि काढल्या, तिला ती ओळखायला काय वेळ लागणार? तरी मी म्हटलं, "एक्स-रे बदलला असेल. नाव बघा." त्यानं नाव दाखवलं. नाव तिचंच, वय अठ्ठावन्न, गाव सावली. "अहो पण तिला मूलच झालं नाही," मी म्हटलं. "तिला तांबी कोण बसवणार?"

डॉक्टरनं खांदे उडवले. "ते तुम्हालाच माहीत असणार. पण ती आधी काढावी लागेल. इतकी वर्षं आत राहिलेली वस्तू आहे, तिच्याभोवती जंतू असले तर रक्तातून नव्या सांध्यात जातील आणि सगळं वाया जाईल. आमच्या मॅडम काढून देतील. महिनाभरानं खुब्याचं बघू." मग तो हसून म्हणाला, "तुम्ही स्वतः सिस्टर आहात, तुम्हीच समजावून सांगा त्यांना. घरच्या माणसानं सांगितलेलं बरं असतं."

घरच्या माणसानं. मला ते ऐकताक्षणी सगळं आठवलं. आठवायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही, याचा अर्थ मी ते विसरलेच नव्हते. नुसतं त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी नेमणूक जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात होती. कौलारू इमारत, मागं आम्हा नर्सांच्या दोन खोल्या आणि एक बोअरिंग. तेव्हा आमच्यामागे उद्दिष्टाचा ससेमिरा असायचा. महिन्याला इतक्या नसबंद्या, इतक्या तांब्या. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये साहेब एकेकीचं नाव घ्यायचे आणि जिचा आकडा कमी तिला सगळ्यांसमोर उभं करायचे. म्हाताऱ्या नर्सांनाही. आम्ही गावात गेलो की पांढरी साडी लांबून बघूनच बाया पोरं काखेत मारून मोहाच्या झाडांआड पसार व्हायच्या. त्यांचं काय चुकत होतं? आम्ही खोकल्याचं औषध घेऊन गेलो तरी शेवटी बोलायचो तांबीचंच.

मग आम्ही काय करायचो? लिहायचो. नुसतं लिहायचो. सुरुवात जी ती स्वतःच्या नावापासून करायची. मग बहीण, जाऊ, नणंद, मामेबहीण, शाळेतली मैत्रीण. एका बाईनं तर तिच्या मेलेल्या मावशीचं नाव लिहिलं होतं, आणि आम्ही त्यावर पोट धरधरून हसलो होतो. प्रत्येक नावाचं एक कार्ड बनवायचं, तारीख टाकायची आणि सुतळीनं बांधून ठेवून द्यायचं. साहेबांना ते ठाऊक होतं. साहेबांच्या साहेबांनाही असणार. कागद भरला की सगळे खूश, आणि बाया जंगलात आपल्या आपण सुखी. यात कोणाचं काय वाईट होतं, असं मी तेव्हा म्हणायचे. तावातावानं म्हणायचे.

जाऊ तेव्हा माझ्याकडे आली होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पोटात पाचवा महिना. खरं तर तिनं माहेरी जायला हवं होतं. पण माझी मुलगी दोन वर्षांची, मी दिवसभर फिरतीवर, नवरा गडचिरोलीला नोकरीत. सासू म्हणाली, धाकटीला घेऊन जा, पोर सांभाळेल, आणि तिचीही तपासणी होईल, घरचीच नर्स आहे. ती आनंदानं आली. बोअरिंगवरून दोन गुंड, म्हणजे दोन पितळी हंडे पाणी रोज तीच आणायची. मी एकदा म्हटलं होतं, नको आणू. एकदाच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी गुंड भरलेले दिसले तेव्हा मी काही बोलले नाही, कारण मला अंघोळीला उशीर झाला होता.

एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि पोट पडलं. पोरगा होता. पूर्ण साफ झालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं आणि मला बाहेर काढलं. घरच्या माणसाचा हात कापतो, म्हणाले. आत मदतीला आमची एक नवी सिस्टर होती. नुकतीच ट्रेनिंग संपवून आलेली, बारीक, भित्री. खोटं लिहायचं म्हटलं की तिच्या डोळ्यात पाणी यायचं. त्या महिन्यात तिच्या नावावर एकही तांबी नव्हती आणि दोन दिवसांनी मीटिंग होती. सकाळी चहाच्या वेळी ती माझ्यासमोर बसून रडली होती.

टेबलाकडे जाताना ती दारात थांबली. मी तिला म्हटलं, "रडतेस कशाला? माझ्या जावेचं नाव लिहून टाक. तिला तसंही दोन वर्षं थांबायला पाहिजेच." मला वाटलं, मी उपकार करते आहे. एवढं बोलून मी माझ्या मुलीला घेऊन ओसरीवर बसले.

संध्याकाळी तिनं माझ्या टेबलावर कार्ड आणून ठेवलं. नाव, तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात. मी ते न वाचता बाकीच्या खोट्या कार्डांच्या गठ्ठ्यात घातलं आणि सुतळी आवळली.

दवाखान्याच्या जिन्याखाली उभं राहून मी त्या सिस्टरला फोन लावला. आम्हा निवृत्त नर्सांचा मोबाइलवर ग्रुप आहे, रोज सकाळी फुलांचे फोटो येतात, त्यात तिचाही नंबर होता. ती आता यवतमाळकडे असते. माझा आवाज ऐकून तिला केवढा आनंद झाला. मी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, तर म्हणाली, "अहो ताई, न आठवायला काय झालं? माझी पहिलीच तांबी होती ती, एकटीनं बसवलेली. तुम्ही म्हणालात नाव लिही. मी म्हटलं, खोटं कशाला लिहायचं? त्या टेबलावर होत्याच, गुंगीत होत्या, आणि तुम्ही घरच्या मोठ्या, तुम्ही हो म्हटलेलं. मग खरंच बसवली. कार्ड दिलं होतं की तुम्हाला. सांगितलं असेल ना तुम्ही त्यांना?"

मी हो म्हटलं.

"मग किती मुलं झाली त्यांना पुढं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, दोन. एक मुलगी, एक मुलगा. ती म्हणाली, वा, छान झालं. तिला मी काय दोष देऊ? त्या अख्ख्या केंद्रात खोटं न लिहिणारी ती एकटी होती. माझ्या जावेचं वाटोळं व्हायला नेमकं तेवढंच पुरलं.

लोक म्हणतील, नर्स असून तुझ्या लक्षात कसं आलं नाही? मी रोज स्वतःला हेच विचारते, आणि उत्तर मला माहीत आहे. दोन वर्षं झाली, तीन झाली, तिला दिवस जाईनात. पाळी आली की आठ-आठ दिवस अंगावरून जायचं. ती मला विचारायची, "बाई, माह्या पोटात का बिगडलं असन?" मी म्हणायचे, कमजोरी आहे. आणि रक्तवाढीच्या लाल गोळ्या द्यायचे. लाल गोळ्या माझ्याकडे डब्यानं असायच्या. तिला आतून तपासायला मला पाच मिनिटं लागली असती. तांबीचा दोरा हाताला लागला असता, किंवा नसताही. पण मी बघितलंच नाही. सुट्टीवर घरी आले की मला झोपायचं असायचं, पोरांना जवळ घ्यायचं असायचं, आणि जावेनं आयता डबा हातात दिला की मी परत बसमध्ये.

आणि आता लिहायला बसलेच आहे तर खरं लिहिते. तिला मूल नव्हतं हे माझ्या सोयीचं होतं. लहाना सहा महिन्यांचा असताना मी त्याला तिच्या मांडीवर टाकून ड्यूटीवर गेले. तिचं स्वतःचं लेकरू असतं तर माझी दोन कोणी बघितली असती? मला नोकरी सोडावी लागली असती. तिच्या रिकाम्या मांडीवर मी माझी पेन्शन मिळवली आहे. मी कधी मुद्दाम तिचं वाईट चिंतलं नाही. चिंतायची गरजच पडली नाही.

आमच्या घरी धम्म आला तो आजेसासऱ्यांच्या काळात. देव गेले, उपासतापास गेले, नवस गेले. पण बारशाला वांझेला, पोट पडलेलीला पाळण्याजवळ येऊ द्यायचं नाही, हे काही गेलं नाही. माझ्याच लहान्याच्या बारशाला सासूनं तिला चुलीजवळ बसवून ठेवलं होतं. पाहुण्यांचं जेवण होईपर्यंत ती पुऱ्या तळत होती. मी पाळण्याजवळ बसले होते, नवी साडी नेसून. मी शिकलेली, नोकरदार, सासू मला वचकून असायची. एक शब्द बोलले असते तर तिला आत आणलं असतं. नाही बोलले. आणि तो पोरगा आठ दिवसांनी तिच्याच कुशीत झोपायला लागला.

तर, जिन्याखालून मी बाकाशी आले. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "का म्हणते डाक्टर?" तिनं विचारलं. "खुबा होते का नीट?"

"होतो," मी म्हटलं. "पण आधी पिशवी साफ करायची आहे. गर्भाशयाला सूज आहे थोडी."

"या वयात?"

"वयाचं काय त्याला."

"बरं, तुमी पाह्यलं नं. मंग झालं," ती म्हणाली आणि कागदावर सही केली. सही तिला मीच शिकवली होती. नातेवाइकाच्या सहीच्या जागी मी माझी केली, नात्यापुढं 'जाऊ' लिहिलं, आणि सवयीनं खाली 'निवृत्त परिचारिका' असंही लिहिलं. डॉक्टरीणबाईंना मी बाजूला घेऊन सांगितलं, पेशंटला काही बोलू नका, मी सांगीन. नर्स नर्सच्या कामी येते, डॉक्टरही येतात. त्या म्हणाल्या, तांबं तर कधीच निकामी झालं असणार, पण तोवर आत सूज राहून नळ्या बंद झाल्या असाव्यात. तीन वर्षांनी काढली असती तर कदाचित, असं म्हणून त्या थांबल्या. काढलेली वस्तू नातेवाइकाला दाखवायची पद्धत असते. त्यांनी ती प्लास्टिकच्या डबीत घालून माझ्या हातात दिली. काळी पडलेली, चुना बसल्यासारखी खरखरीत. मी ती पर्समध्ये टाकली, औषधांच्या चिठ्ठ्यांखाली.

सावलीला परत आल्यावर मी ठरवलं होतं, नाही सांगायचं. कोणाचं भलं होणार होतं सांगून? दीर म्हातारा झाला, तिची पाळी जाऊनही दहा वर्षं झाली. तिला आता चालता आलं पाहिजे, बस. मी मनाला हे दिवसातून दहा वेळा सांगायचे आणि ते पटायचंही. पण दर रविवारी विहारात जाणाऱ्या बाया वाटेत आमच्याकडे थांबतात. त्या दिवशी जाऊ खाटेवर बसून त्यांना सांगायला लागली. "माही जाऊ नर्स हाये म्हणून वाचली मी. तिनं पाह्यलं नसतं तर पिशवी आतमंदी सडून राह्यली असती. सख्खी बहीण करत नाई एवढं केलं बाईनं." बाया माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. एक म्हणाली, नशीब लागते अशी जाऊ भेटाले. जाऊ म्हणाली, "तं का. माह्या नशिबात लेकरू नवतं, पण बाई होत्या."

मी आत गेले. पर्समधल्या चिठ्ठ्या उपसून डबी वर काढली.

बाया गेल्यावर मी डबी घेऊन बाहेर आले. ती वालाच्या शेंगा सोलत होती, मांडीवर सूप, पाय लांब केलेला. मी डबी तिच्या सुपात ठेवली.

"हे निघालं," मी म्हटलं.

तिनं डबी उचलून उन्हात धरली. "हे का होय?"

"तांबी."

"कोणाची?"

"तुझी."

ती हसली. खरंच हसली. मग माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. मी सगळं सांगितलं, काही न गाळता. टेबल, नवी सिस्टर, मीटिंग, कार्ड, सुतळी. लाल गोळ्यांचंही सांगितलं. मी सांगत होते तोवर तिनं चार-पाच शेंगा सोलल्या, दाणे सुपात, फोलं खाली. मग हात थांबले.

"तुमाले मालूम होतं का, थे आतमंदी हाये म्हणून?"

"नाही. शपथेवर नाही."

"मंग नाव काऊन लिवाले सांगतलं?"

"लिहायचो आम्ही. सगळ्यांचंच लिहायचो. खोटंच असायचं ते."

"मंग तुमचं काऊन नाई लिवलं, बाई?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पस्तीस वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"माझं लिहिलेलं होतं," मी म्हटलं. "तुझ्या आधी. त्याच गठ्ठ्यात, दोन-तीन कार्डं खाली."

"त्याच साली?"

"त्याच साली."

तिनं बोटांवर मोजलं. तिला जास्त मोजता येत नाही, पण याला फार मोजावं लागत नव्हतं. "अन् लहाना?"

"पुढच्या साली झाला."

"म्हंजे कागदावर तुमाले तांबी, अन् लेकरू तुमाले," ती हळू म्हणाली. "अन् कागदावर मले तांबी..." पुढचं तिनं म्हटलंच नाही. डबी पदराच्या गाठीत बांधली आणि खालची शेंग उचलली.

मी रडायला लागले. म्हटलं, मला शिव्या दे, काहीतरी बोल. ती म्हणाली, "शिव्या देऊन का होते? तिकडच्या शेंगा इकडे सरकवा." मी सरकवल्या. एवढंच काम तिनं मला त्या दिवशी सांगितलं.

त्यानंतर ती माझ्याशी भांडली नाही, अबोलाही धरला नाही. स्वयंपाक करायची, मला वाढायची. फक्त माझ्या हातची गोळी घेणं तिनं बंद केलं. शेजारच्या पोरीला हाक मारून पाकिटावरचं वाचून घ्यायची, कोणती सकाळची, कोणती रातची, आणि पाकिटं उशीखाली ठेवायची. मी समोरच बसलेली असायचे. ज्या मोहल्ल्याला मी औषधं देते, त्या मोहल्ल्यात माझ्याच घरात माझ्या हातून कोणी गोळी घेत नव्हतं. नर्सला याहून मोठी शिक्षा कोणती असेल मला माहीत नाही. असली तर तिला सुचली असती.

खुब्याच्या ऑपरेशनला चार दिवस राहिले तेव्हा तिनं लहान्याला फोन लावला. तो नागपूरला असतो. मी सांगितलं होतं, त्याला सुट्टी नाही, मी आहे ना. तिनं माझ्यासमोरच फोन कानाला लावला आणि म्हणाली, "बाबू, तू ये. माहं ऑपरेशन हाये." तो आला. दोघं मागच्या अंगणात तासभर बसले होते. तिनं त्याला काय सांगितलं, काय नाही, मला ठाऊक नाही. मला विचारायची हिंमत झाली नाही. तो आत आला तेव्हा त्यानं मला नेहमीसारखं 'जेवलीस का मम्मी' विचारलं, पण माझ्याकडे न बघता.

चंद्रपूरला त्याच काचेच्या दवाखान्यात, काउंटरवर, एक तरुण मुलगी फॉर्म भरून घेत होती. जाऊ चाकाच्या खुर्चीत. पदराला ती गाठ तशीच होती, मला दिसत होती. मुलगी म्हणाली, नातेवाइकाची सही लागेल, मोठं ऑपरेशन आहे. मी सवयीनं हात पुढं केला. जावेनं लहान्याचा हात ओढला. "तू कर सही," ती म्हणाली. त्यानं सही केली. नात्याच्या रकान्याजवळ येऊन तो थांबला आणि तिच्याकडे बघितलं.

"लिव," ती म्हणाली. "मुलगा."

त्यानं लिहिलं. काउंटरवरच्या मुलीनं जुना कागद उलटून बघितला. "पण मागच्या फॉर्मवर तर मूलबाळ नाही असं आहे, आजी."

"थे खोटं हाये," जाऊ म्हणाली. "कागदावर लोकं खोटंबी लिवतेत."

मुलीनं जुन्या कागदावर काट मारली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीची दांडी धरून उभी होते. "आणि तुम्ही? तुम्ही पेशंटच्या कोण?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊच बोलली. आवाज साधा, रागाचा लवलेश नाही.

"थ्या नर्स हायेत," ती म्हणाली.

मुलीनं मान हलवली आणि आत घरच्या एकाच माणसाला जाता येईल म्हणून मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.